चक्कर आणि तोलाच्या पुनर्वसनात रुग्णाची प्रगती कशी मोजावी

व्यायाम सुरू करून तीन-चार आठवडे झालेल्या रुग्णाला "आता कसे वाटते?" असे विचारले की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे बहुतेक वेळा एकच उत्तर येते: "आता जरा बरा वाटता." या उत्तरात खरेपणा किती आणि भिडस्तपणा किती, हे ओळखणे कठीण असते. दोन एसट्या बदलून, मुलाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला उपचार करणाऱ्याचे मन मोडवत नाही. उलट बाजूला असेही रुग्ण असतात, जे पहिल्या दिवशी सुनेच्या खांद्यावर भार टाकून आले होते, आज काठीशिवाय दारातून आत आले, आणि तरीही खुर्चीत बसताच म्हणतात, "फरक म्हणून काही नाही." दोघांच्या सांगण्याची नोंद घ्यायलाच हवी, परंतु पुढचा व्यायाम वाढवायचा, बदलायचा की थांबवून रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवायचे, हा निर्णय केवळ त्या सांगण्यावर घेता येत नाही.

हा लेख लहान दवाखान्यात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी आणि घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. तोल मोजणारी संगणकीय यंत्रे मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत असतात. येथे सांगितलेल्या मोजमापांना स्टॉपवॉच, मोजपट्टी, एक भक्कम खुर्ची, फोमचा जाड तुकडा, दृष्टी तपासण्याचा तक्ता आणि चपला-बुटांची दोन रिकामी खोकी एवढे साहित्य पुरते. रुग्णाला काय वाटते, तपासणीत त्याचे शरीर काय करते, आणि घरी-गावात तो प्रत्यक्षात काय करू लागला, या तीन नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, त्यांची सरमिसळ करून "साठ टक्के बरा" असा एकच आकडा काढू नये, आणि या तीन नोंदी जिथे एकमेकींशी जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधावे, असे माझे मत आहे.

मोजण्याआधी काय पाहावे

चक्कर हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. अचानक सुरू झालेल्या चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एक वस्तू दोन दिसणे, गिळायला त्रास होणे, चेहरा किंवा हात-पाय लुळे पडणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, एका कानाचे ऐकू येणे एकाएकी जाणे किंवा आधाराशिवाय उभेही राहता न येणे यांपैकी काहीही असेल, तर मोजमाप आणि व्यायाम बाजूला ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब घ्यावा आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने किंवा त्याहून अधिक उतरला, तर उठताना येणाऱ्या अंधारीचे कारण कानात नसून रक्तदाबात असण्याची शक्यता असते. मे महिन्याच्या उकाड्यात घामाने पाणी कमी झालेल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांमध्ये हे नेहमी आढळते. अशा रुग्णाला आठ आठवडे मान हलवण्याचे व्यायाम देऊन त्याच्या प्रगतीचा आलेख काढत बसण्यात अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट औषधांची. प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारखी चक्कर दाबणारी औषधे पहिल्या काही दिवसांत उपयोगी असतात, परंतु ती महिनोन्महिने चालू राहिली तर मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला उशीर लागू शकतो. रुग्ण कोणती गोळी घेतो, किती वाजता घेतो आणि मोजमापाच्या दिवशी घेतली होती का, हे कागदावर लिहावे. गोळी बंद करण्याचा निर्णय मात्र ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

कानातले सूक्ष्म खडे जागचे हलल्यामुळे येणारी चक्कर, म्हणजे बीपीपीव्ही, या लेखातील बहुतेक पायऱ्यांना अपवाद आहे. तेथे प्रगतीची मुख्य कसोटी एकच असते: १९५२ मध्ये वर्णन केलेली डिक्स-हॉलपाइक चाचणी, म्हणजे मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवे करण्याची चाचणी, केल्यावर डोळ्यांची ती विशिष्ट झटकेदार हालचाल आणि गरगर पुन्हा होते की नाही. एप्लीची कृती, म्हणजे डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे जागेवर नेण्याची पद्धत, केल्यावर ही चाचणी पुन्हा करावी आणि महिन्याच्या आत रुग्णाला पुन्हा बोलावून खात्री करावी. खडे जागेवर गेल्यानंतरही काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, तरंगल्यासारखे वाटत राहते. तेवढ्यांनाच पुढच्या पायऱ्या लागू करायच्या असतात.

पहिल्या भेटीतील शब्द

रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवणे ही पहिली पायरी आहे. घेरी येणे, भोवळ येणे, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, डोके हलके होणे, चालताना झोक जाणे, तोल जाणे, या साऱ्यांना "चक्कर" या एका शब्दाच्या पोत्यात भरले की पुढे काय कमी झाले आणि काय राहिले हे कळेनासे होते. बरे होताना एक तक्रार जाते आणि दुसरी मागे उरते. गरगर थांबलेली असते, पण झोक जाणे चालू असते, आणि रुग्ण तरीही म्हणतो, "चक्कर आसाच."

यानंतर त्याला तीन कामे निवडायला सांगावीत, जी त्याला पूर्वी जमत होती, आज जमत नाहीत किंवा भीती वाटते, आणि पुन्हा जमली पाहिजेत. प्रत्येक कामाला ० ते १० गुण त्यानेच द्यावेत. अजिबात जमत नाही म्हणजे ०, आजारापूर्वीसारखे जमते म्हणजे १०. १९९५ पासून वापरात असलेल्या पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केलची ही पद्धत आहे आणि आपल्या भागात ती मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिचे प्रश्न रुग्णच तयार करतो. देवळाकडे जाणारी जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, हातात पूजेचे ताट घेऊन उतरणे, वाकून लावणी करणे, माळ्यावरचे भांडे वर पाहत काढणे, हलत्या होडीतून जेटीवर पाय टाकणे, आंबा घाटातून एसटीने कोल्हापूरला जाऊन येणे, अशी कामे कोणत्याही छापील प्रश्नावलीत सापडणार नाहीत. काम निवडताना ते नेमके लिहावे. "चालणे" असे लिहिले तर दोन महिन्यांनी त्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. "घरापासून सड्यावरच्या काजूच्या बागेपर्यंत एकट्याने, काठीशिवाय" असे लिहिले तर सांगता येतो.

प्रश्नावल्या भरून घेताना

चक्करेच्या रुग्णांसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरी, थोडक्यात डीएचआय. ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २५ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला "होय" साठी ४, "कधीकधी" साठी २ आणि "नाही" साठी ० गुण मिळतात, म्हणजे एकूण गुण ० ते १०० यांच्या दरम्यान येतात आणि गुण जितके अधिक तितका त्रास अधिक. २५ पैकी ७ प्रश्न शारीरिक, ९ भावनिक आणि ९ दैनंदिन कामकाजाविषयी आहेत. एकूण गुणांबरोबर हे तीन उपविभागही वेगळे लिहावेत, कारण शारीरिक गुण उतरून भावनिक गुण तसेच राहिले तर पुढचा उपचार वेगळ्या दिशेने न्यावा लागतो.

या प्रश्नांत एक असा आहे की आपण दारू प्यायलो आहोत असे लोकांना वाटेल, अशी भीती तुम्हाला वाटते का. हा प्रश्न वाचताना सुरुवातीला मला संकोच वाटत असे. आता वाटत नाही. मच्छी बाजारात सकाळी दहा वाजता झोक गेल्यामुळे गावभर चर्चा झालेला माणूस या प्रश्नावर पहिल्यांदा मान वर करून बोलू लागतो, आणि त्यानंतरची उत्तरे अधिक मोकळी येतात.

दुसरी प्रश्नावली तोलाविषयीच्या आत्मविश्वासाची, म्हणजे एबीसी स्केल. १९९५ च्या या प्रश्नावलीत १६ कामे आहेत आणि प्रत्येक काम तोल न जाता करता येईल याची खात्री ० ते १०० टक्क्यांत सांगायची असते. सोळांची सरासरी काढतात. वृद्धांमध्ये ती ६७ टक्क्यांच्या खाली असेल तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. आपल्या भागातील अडचण शेवटच्या तीन प्रश्नांत आहे. दोन प्रश्न सरकत्या जिन्याचे आहेत आणि सोळावा प्रश्न बर्फाने निसरड्या झालेल्या पायवाटेचा आहे. देवगड किंवा गुहागरच्या आजींना बर्फाविषयी विचारले की त्या हसतात, आणि हसत हसत मनाला येईल तो आकडा सांगतात. शेवाळ धरलेल्या पाखाडीची कल्पना करायला सांगणे हा सोयीचा मार्ग आहे आणि मीही तोच वापरतो, पण त्याची किंमत माहीत असावी. बदललेल्या प्रश्नाचे गुण त्याच रुग्णाच्या पुढच्या गुणांशी ताडून पाहता येतात, मात्र ६७ टक्के या प्रसिद्ध मर्यादेशी ताडता येत नाहीत. म्हणून बदललेले वाक्य कागदावर शब्दशः लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळीही तेच वाचावे.

लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. ते सर्व वेळी एकाच व्यक्तीने वाचावेत आणि नातेवाइकांना त्या वेळेपुरते ओटीवर बसवावे. सून शेजारी असताना सासूने दिलेले उत्तर आणि सून नसताना दिलेले उत्तर यांत दहा-बारा गुणांची तफावत मी पाहिली आहे, आणि ती दोन्ही दिशांना असते.

उभे राहण्याची चाचणी

तोल सांभाळण्यासाठी शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेते: डोळे, पायांचे तळवे व सांधे, आणि अंतर्कर्ण. यांपैकी एकेक माहिती काढून घेतली की उरलेल्यांवर शरीर किती विसंबते ते दिसते. चार स्थितींची चाचणी याच तत्त्वावर आहे: कठीण जमिनीवर डोळे उघडे, कठीण जमिनीवर डोळे मिटलेले, फोमवर डोळे उघडे, आणि फोमवर डोळे मिटलेले. प्रत्येक स्थितीत ३० सेकंद, म्हणजे एकूण १२० सेकंद मिळू शकतात. हात छातीशी बांधलेले असावेत. डोळे उघडले, हात सुटले किंवा पाऊल हलले की घड्याळ थांबवावे. पहिल्या प्रयत्नात ३० सेकंद पूर्ण झाले नाहीत तर एकूण तीन प्रयत्न द्यावेत आणि त्यांची सरासरी लिहावी. अनवाणी की चपलेसह, पाय जुळवून की खांद्याइतके अंतर ठेवून, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहावे.

चौथ्या स्थितीत डोळे मदतीला नसतात, तळव्यांची माहिती फसवी असते, आणि सारा भार अंतर्कर्णावर येतो. कानाच्या दोषात बहुधा हीच स्थिती सर्वांत आधी बिघडते आणि सर्वांत शेवटी सुधारते. पहिल्या दिवशी तेथे ४ सेकंद मिळाले तर निराश होण्याचे कारण नाही. मात्र ही चाचणी कधीही एकट्याने घेऊ नये. रुग्णाला खोलीच्या कोपऱ्यात, मागे दोन्ही बाजूंना भिंत राहील असे उभे करावे, समोर खुर्ची ठेवावी आणि स्वतः हाताच्या अंतरावर राहावे.

फोमविषयी एक सावधगिरी. आपल्याकडे काथ्याची गादी घरोघर असते आणि तीच कापून वापरण्याचा मोह होतो. काथ्या दबत जातो. जूनमध्ये घेतलेल्या आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या मोजमापांत पायाखालची गादीच कठीण झालेली असते आणि रुग्ण सुधारल्यासारखा दिसतो. चांगल्या घनतेचा फोम घ्यावा, तो केवळ चाचणीसाठी राखून ठेवावा आणि रोजच्या व्यायामाला दुसरा वापरावा.

चालण्याची मोजमापे

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रगतीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा बहुधा चालण्यातच मिळतो.

सर्वांत सोपी चाचणी टाइम्ड अप अँड गो ही आहे. रुग्ण खुर्चीतून उठतो, नेहमीच्या वेगाने ३ मीटर चालतो, वळतो, परत येऊन बसतो. वेळ सेकंदांत मोजतात. व्हेस्टिब्युलर, म्हणजे अंतर्कर्णाच्या तोलयंत्रणेच्या, आजाराच्या रुग्णांमध्ये ११.१ सेकंदांहून जास्त वेळ लागणे पडण्याच्या इतिहासाशी जोडलेले आढळले आहे. ही चाचणी सोपी असल्यामुळेच तिच्यात चुका होतात. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका काकांचा वेळ पहिल्यांदा १४ सेकंद आणि महिन्याने १२ सेकंद नोंदवला आणि मोठ्या आनंदाने त्यांच्या मुलाला तसे कळवले. नंतर लक्षात आले की पहिल्या वेळी ते बिनहाताच्या, बूड खोल गेलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले होते आणि दुसऱ्या वेळी हात असलेल्या शिसवी खुर्चीतून. त्या दोन सेकंदांतले काकांचे किती आणि सुताराचे किती, हे आजही मला सांगता येणार नाही. तेव्हापासून खुर्चीच्या पायावर रंगाचा ठिपका आहे आणि चाचणीसाठी दुसरी खुर्ची वापरली जात नाही.

खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठून बसण्याची चाचणीही त्याच खुर्चीवर घ्यावी. बैठकीची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर असावी. व्हेस्टिब्युलर रुग्णांमध्ये २.३ सेकंदांहून जास्त वेळ वाचला तर तो बदल खरोखरीचा मानायला हरकत नाही.

चालण्याचा वेग काढण्यासाठी १० मीटर मोकळी जागा लागते. जुन्या घराची लांब पडवी यासाठी उत्तम. पहिले २ मीटर वेग घेण्यासाठी, मधले ६ मीटर मोजण्यासाठी आणि शेवटचे २ मीटर थांबण्यासाठी ठेवावेत. खडूने रेघा न मारता रंगाने माराव्यात, कारण पावसाळ्यात दमट फरशीवर खडू टिकत नाही. सेकंदाला ०.१ मीटरची वाढ ही वृद्धांमध्ये लक्षणीय वाढ समजली जाते.

या सर्वांत मला सर्वांत जास्त सांगून जाणारी चाचणी फंक्शनल गेट असेसमेंट, म्हणजे एफजीए. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १० कामे आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. सुमारे ६ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पट्ट्यातून साधे चालणे, वेग बदलणे, डोके डावी-उजवीकडे वळवत चालणे, वर-खाली करत चालणे, एकदम वळून थांबणे, खोक्यावरून पाऊल टाकणे, पावलाला पाऊल लावून चालणे, डोळे मिटून चालणे, मागे चालणे आणि जिना चढणे-उतरणे अशी ती कामे. घरी स्वतंत्रपणे राहणाऱ्या वृद्धांमध्ये २२ किंवा त्याहून कमी गुण पडण्याच्या धोक्याची खूण मानतात.

एकूण गुणांपेक्षा कोणत्या कामात गुण गेले ते पाहावे. एका भेटीतले दृश्य सांगतो. साधे चालण्यात पूर्ण ३ गुण मिळवणाऱ्या एक आजी डोके वळवत चालू लागल्या. तिसऱ्या पावलाला उजवीकडे पाहताना डावा पाय पट्ट्याबाहेर आडवा पडला, नकळत हात भिंतीकडे गेला, आणि भिंत हाती लागण्याआधीच त्यांनी मान सरळ करून टाकली. पुढची तीन मीटर त्या मान न हलवता, डोळ्यांच्या कडांनीच इकडेतिकडे बघत चालल्या. गुण मिळाला १. परंतु "मान राखून चालतात, डोळ्यांनी बघतात" ही कडेला लिहिलेली ओळ पुढच्या तीन आठवड्यांच्या व्यायामाची दिशा ठरवून गेली. रस्ता ओलांडताना त्या का घाबरतात, हेही त्यातून कळले.

डोळे आणि मान

मान हलत असताना नजर स्थिर ठेवणे हे अंतर्कर्णाचे काम आहे. ते बिघडले की चालताना समोरची पाटी नाचते आणि एसटीतून गावांची नावे वाचता येत नाहीत. मोजण्यासाठी रुग्णाला ठरलेल्या अंतरावर बसवून तक्त्यावरची कोणती सर्वांत खालची ओळ वाचता येते ते नोंदवावे. मग मागे उभे राहून त्याचे डोके दोन्ही हातांनी धरून थोड्या कोनात डावी-उजवीकडे, सेकंदाला दोन पूर्ण फेऱ्या या वेगाने हलवावे आणि पुन्हा वाचायला सांगावे. मोबाइलवरील मेट्रोनोम १२० वर ठेवून दर ठोक्याला एक पूर्ण ये-जा केली की हा वेग मिळतो. दोन ओळींपर्यंतची घट चालते, तीन किंवा अधिक ओळींची घट दोष दाखवते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चारही दिशांना तोंड करणाऱ्या ई आकाराचा तक्ता असतो. चष्मा दर वेळी तोच असावा. मान दुखत असेल किंवा मणक्याचा विकार असेल तर ही चाचणी करू नये.

डोक्याला अचानक छोटा झटका देऊन नजर टिकते का ते पाहण्याची, १९८८ मध्ये वर्णन केलेली हेड इम्पल्स चाचणी निदानाला उत्तम आहे, पण प्रगती मोजायला तिचा उपयोग मर्यादित आहे. कानाच्या तोलाच्या नसेला सूज येऊन एका बाजूचे कार्य गेलेल्या रुग्णात ती वर्षांनंतरही सदोष येऊ शकते, आणि तो रुग्ण मात्र तोवर पुन्हा सायकल चालवत असतो. कान बरा झालेला नसतो, मेंदूने त्याच्याशिवाय चालवून घ्यायला शिकलेले असते.

घरची नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन गोष्टी लिहायला सांगाव्यात: व्यायाम किती वेळा केला आणि त्या दिवशीचा त्रास ० ते १० मध्ये किती. नजर स्थिर ठेवण्याच्या व्यायामांसाठी सध्याच्या मार्गदर्शक सूचना नव्या आजारात दिवसातून ३ वेळा मिळून किमान १२ मिनिटे आणि जुन्या आजारात दिवसातून ३ ते ५ वेळा मिळून किमान २० मिनिटे, ४ ते ६ आठवडे असे प्रमाण सांगतात. चौकोन रिकामे असतील तर प्रगती न होण्याचे कारण तेथेच सापडते. गणपतीचे पाच-सात दिवस आणि लावणीचा पंधरवडा हे चौकोन रिकामेच राहणार, हे गृहीत धरून पुढच्या मोजमापाची तारीख ठरवावी.

व्यायामानंतर त्रास थोडा वाढणे अपेक्षित असते. तो १५ ते २० मिनिटांत पूर्ववत व्हावा. संध्याकाळपर्यंत टिकत असेल तर मात्रा जास्त झाली. दुसऱ्या आठवड्यात अनेक रुग्णांचे आकडे वर जातात, कारण त्यांनी महिनोन्महिने टाळलेल्या हालचाली पुन्हा सुरू केलेल्या असतात. हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या आठवड्यात येत नाही.

वीज गेल्यावर घरात चालता येते का, हा प्रश्नही दर आठवड्याला विचारावा. पावसाळ्यात ही चाचणी वीज मंडळ आपणहून घेते. दोन्ही कानांचे कार्य गेलेल्या रुग्णाची अंधारात सर्वांत जास्त फजिती होते, आणि उजेडातल्या दवाखान्यात तीच लपून राहते.

पुन्हा केव्हा मोजावे आणि फरक कसा वाचावा

सर्व चाचण्या दर भेटीत घेऊ नयेत. रुग्ण थकतो आणि चाचणीचाच सराव होऊन गुण वाढतात. दर भेटीत तीन कामांचे गुण, कॅलेंडर आणि एखादी चालण्याची चाचणी पुरे. प्रश्नावल्या आणि एफजीए सुरुवातीला, साधारण चौथ्या आठवड्याला आणि उपचार संपवताना घ्याव्यात. दिवसाची वेळ, पादत्राणे, खुर्ची आणि मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी. घाट उतरून तासाभरापूर्वी एसटीतून उतरलेल्या रुग्णाला आधी अर्धा तास बसू द्यावे.

कोणत्याही मोजमापात रुग्ण न बदलताही आकडा थोडा वर-खाली होतो. त्या चढउताराहून मोठा फरक पडला तरच त्याला प्रगती म्हणावे. डीएचआयसाठी ही मर्यादा १८ गुणांची आहे आणि तोलाच्या व व्हेस्टिब्युलर रुग्णांत एफजीएसाठी ६ गुणांची.

अनेक रुग्णांच्या नोंदींवरून तयार केलेले एक उदाहरण घेऊ. अडुसष्ट वर्षांच्या, डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज येऊन गेलेल्या आजी जूनच्या सुरुवातीला आल्या. डीएचआय ५८, एफजीए १६. चौथ्या आठवड्यात डीएचआय ४६ आणि एफजीए २१. दोन्ही आकडे योग्य दिशेने गेले आहेत, पण एकही मर्यादेपलीकडे गेलेला नाही. येथे "दिशा बरोबर आहे, अजून खात्रीने सांगता येत नाही" असेच लिहावे आणि व्यायाम चालू ठेवावा. आठव्या आठवड्यात डीएचआय ३० आणि एफजीए २४ आले, म्हणजे सुरुवातीपासून अनुक्रमे २८ आणि ८ गुणांचा फरक. आता प्रगती झाली असे निःशंक म्हणता येते.

मात्र त्यांच्या तीन कामांपैकी पाखाडी उतरण्याचे गुण २ वरून ३ वरच गेले होते. कारण साधे होते. ऑगस्टमध्ये पाखाडीवर शेवाळ होते आणि त्यांच्या मुलाने त्यांना तिकडे जाऊच दिले नव्हते. शरीराची क्षमता वाढली होती, वापरायला वाट नव्हती. अशा वेळी ते काम तात्पुरते बाजूला ठेवून ओटीच्या पायऱ्यांवरून हातात तांब्या घेऊन अंगणात उतरणे हे काम त्याच्या जागी लिहावे, आणि शेवाळ वाळल्यावर पाखाडीचे गुण पुन्हा घ्यावेत. पावसाळ्यात कमी झालेले चालणे आणि आजारामुळे कमी झालेले चालणे यांची गल्लत कोकणात फार सहज होते.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

चालणे जवळजवळ निर्दोष, फोमवर ३० सेकंद सहज, आणि डीएचआय मात्र ६० च्या वर अडकलेला, असे रुग्ण भेटतात. ते नाटक करत नाहीत. गर्दीच्या बाजारात, हलत्या पडद्याकडे पाहताना, नुसते उभे राहिल्यावर त्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ डोलल्यासारखे वाटत असेल तर पीपीपीडी या दीर्घकाळ टिकणाऱ्या चक्करेच्या विकाराचा विचार करावा लागतो. त्याचे निकष बारानी सोसायटी या चक्करेच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले आहेत. तेथे तोलाचे व्यायाम वाढवत नेण्यापेक्षा दृश्य हालचालींची हळूहळू सवय आणि भीतीवरचे उपचार यांना महत्त्व येते, आणि डॉक्टरांचा सल्ला लागतो.

उलट जोडी अधिक धोक्याची असते. डीएचआय अवघा १४, रुग्ण खुशीत, आणि एफजीए १५. अशा वेळी मी सर्वांत आधी विचारतो की दिवसभर काय करता. बहुधा उत्तर मिळते की काहीच नाही, खुर्चीत बसतो, मुलगा सगळे आणून देतो. हालचालच थांबवली की त्रासही थांबतो, आणि प्रश्नावली खाली येते. हा माणूस बरा झालेला नाही. न्हाणीघरात पहिल्यांदा एकटा गेला की पडणार.

आठ आठवडे व्यायाम नीट होऊनही कोणतेही मोजमाप हलले नाही, किंवा सुधारलेले आकडे पुन्हा घसरू लागले, तर रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे कागदासह परत पाठवावे.

तो कागद एका पानाचा असावा. येथले अनेक वृद्ध गणपतीनंतर मुलांबरोबर मुंबईला जातात आणि होळीला परत येतात, मधले चार-सहा महिने त्यांना दुसरेच कोणी तपासते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. पानाच्या वरच्या भागात निदान, औषधे आणि रुग्णाने वापरलेला शब्द असावा. खाली तारखांच्या रकान्यांत डीएचआय व त्याचे तीन उपविभाग, चार स्थितींचे सेकंद, चालण्याचा वेग, एफजीए, तक्त्यावरच्या घटलेल्या ओळी आणि तीन कामांचे गुण असावेत. मागच्या बाजूला खुर्चीची उंची, फोमची जाडी, पाय कसे ठेवले आणि एबीसीमधील बदललेले वाक्य लिहावे. मूळ प्रत रुग्णाच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी, फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवावा, आणि पुढच्या मोजमापाची तारीख पानाच्या तळाशी ठळक लिहावी.